उपाशीपोटी सहल

‘ला ग्रेनुयेर’ म्हणजे शुद्ध मराठीत बेडकांचं डबकं. पॅरिसहून आगगाडीनं सहज गाठता येणारी सीन नदीकाठची ही सहलीची जागा. नावाची चौकशी सभ्य माणसानं करू नये; तिथल्या अल्लड पोरींना त्या काळचे रसिक ‘बेडक्या’ म्हणत, एवढंच सांगतो. पाण्यावर तरंगतं उपाहारगृह, भाड्याच्या होड्या, आणि फळीवरून तोल सावरत जायचं, एकुलत्या झाडाचं चिमुकलं बेट. १८६९ च्या उन्हाळ्यात खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन सपत्नीक इथे येऊन गेला.

त्याच उन्हाळ्यात क्लोद मोने आणि ओग्युस्त रन्वार इथे शेजारी शेजारी चित्रं काढत होते. दोघंही अठ्ठावीस वर्षांचे, दोघंही कफल्लक. सरकारी प्रदर्शनानं त्या वर्षी मोनेला बाहेरची वाट दाखवलेली. घरात कामीय, दोन वर्षांचं पोर आणि थंड चूल. रन्वार जवळच आईवडिलांकडे राहायचा. तो घरचा पाव मित्राला आणून द्यायचा. रंग संपले की काम बंद!

आता चित्रं बघा. जागा तीच, बेट तेच. रन्वारची नजर बायकांच्या झग्यांवर रेंगाळते. मोनेची माणसं म्हणजे ब्रशचे चार फटकारे. त्याचा सगळा जीव पाण्यात. काळे, पिवळे, निळे आडवे पट्टे नुसते ओढलेत, आणि पाणी हलतंय! भूक मात्र कुठेही नाही. मी पुष्कळ शोधली. दुसऱ्यांची सहल उपाशीपोटी रंगवायची आणि त्यात हेव्याचा एक ठिपका नाही? मी असतो तर निदान टेबलावरची बशी तरी जरा मोठी काढली असती.

सप्टेंबरात मोनेनं फ्रेदेरिक बाझीय या मित्राला कळवलं, की खरं मोठं चित्र अजून स्वप्नातच आहे, झालेत ते नुसते वाईट कच्चे खर्डे. त्यातलाच एक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. रन्वारचं चित्र स्टॉकहोमला.

हा बाझीय खात्यापित्या घरचा, स्वतःही चित्रकार. मोनेचं एक चित्र त्यानं अडीच हजार फ्रँकांना घेतलं होतं, दरमहा पन्नासच्या हप्त्यानं! पुढच्याच वर्षी प्रशियाशी युद्ध पेटलं. सम्राटाचं सिंहासन गेलं. आणि नोव्हेंबरात बाझीय लढाईत मारला गेला. तोही अठ्ठावीस वर्षांचाच होता.