नाबोथाचा मळा आणि आमची वाडी

जरीपटका हे मुळात मराठ्यांच्या निशाणाचं नाव. नागपुरातली या नावाची वस्ती मात्र वाढली ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांमुळे. वडील रेल्वेत, म्हणून आम्ही तिथं भाड्यानं राहायचो. आमचं मूळ गाव वसईतलं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि तिथले आम्ही ख्रिस्ती मराठ्यांच्या निशाणाच्या नावाखाली बिऱ्हाड थाटून होतो. इतिहास अशा गमती करतो.

उन्हाळ्यात गावी जायचो. केळी, पानवेली, नारळ, आणि वाडीच्या कडेला बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरी गोड्या, त्या या बावखलांच्या जिवावर. जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्याला मागे रेटून धरतं. उपसा वाढला की खारं आत सरकतं. हे शाळेत न गेलेल्या आमच्या आजीलाही ठाऊक होतं.

१९८०च्या दशकात मुंबईत घर परवडेना, तशा नालासोपारा, वसई रोडला इमारती उठल्या. त्यांना नळाचं पाणी पुरेना. मग टँकर आले, आणि टँकरवाल्यांना हव्या होत्या बागायतदारांच्या विहिरी. पंप चालू करायचा आणि पैसे मोजून घ्यायचे. ना खुरपणी, ना शेणखत.

याच्या विरोधात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे होते नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. हेच २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. झग्यातल्या माणसानं जमीन-पाण्याच्या भानगडीत का पडावं, असं आमच्यातलेच काही म्हणायचे. पण चर्चला हा विषय नवा कुठे होता? राजा अहाबानं नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन विकणार नाही, तर राणीनं खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारवलं. या एका गोष्टीवर चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. गरिबाला देतोस ते तुझं नव्हेच, त्याचंच त्याला परत करतोस, असा त्यांचा रोख. संत थॉमस अक्वायनस म्हणाले, मालकी खासगी असू दे, उपयोग मात्र सर्वांचा धरावा. पोप सहावे पॉल यांनी १९६७च्या परिपत्रकात खासगी मालकीचा हक्क बिनशर्त नाही, असं लिहून अँब्रोजचाच दाखला दिला.

वसईत दहशत होती, नाही असं नाही. पण आमच्या पाहण्यातल्या बहुतेक सौद्यांत कुणी दगड मारले नाहीत. नाबोथच अहाबाकडे भाव विचारायला गेला होता.

थोरल्या काकांनी टँकर लावला आणि संमतीचा कागद सहीसाठी जरीपटक्याला पाठवला. विहीर सामाईक होती. शेजारचे सिंधी काका तो कागद बघून म्हणाले, "हमारी जमीन का तो किसी ने भाव भी नहीं पूछा." वडिलांनी उत्तर धाडलं : "दादा, विहीर आपली, पण झरा कुणाचा? खालच्या वाडीवाल्यांच्या पानवेली जळाल्या तर?"

काकांचं पत्र लगेच आलं. "तू नोकरीवाला. एक तारखेला पगार हातात. दलाल केळीला काय भाव देतो, तुला काय ठाऊक?"

मला काकांचं हे म्हणणं आजही खोडता येत नाही. हाव वाईट, हे देवळात सांगणं सोपं. तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांवर परिपत्रक काढलं, तेव्हा त्यात मालमत्तेच्या हक्काइतक्याच ठामपणे मजुराच्या पोटापुरत्या मजुरीचीही गोष्ट होती. मजुराला जे लागू, ते केळी पिकवणाऱ्याला का नसावं? ज्याच्या घामाला भाव नाही, त्याला पाणी विकू नको म्हणणारा निदान त्याच्या मालाला भाव मिळेल इतकं तरी बघणार की नाही? वाडी राखा, हे सगळे म्हणत होते. वाडीवर पोट कसं भरायचं, हे सांगणारे कमी होते.

वडिलांनी सही केली नाही. टँकर तरीही चालला, पाचेक वर्षं. मग विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि टँकरवाला दुसरीकडे गेला. पानवेली आधी गेल्या, आमच्या आणि खालच्या वाडीच्याही. केळी अजून थोडी आहेत. सातबाऱ्यावर आता सगळ्या चुलत भावंडांची मिळून अकरा नावं आहेत, आणि दलालाचा फोन वर्षातून दोनदा येतो.