स्कॉटिश स्थलांतर, कॅनडातील

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडमधून कॅनडात झालेले मोठे स्थलांतर. हायलँड्स भागात जमीनदारांनी वाढवलेला खंड आणि पुढे मेंढपाळीसाठी कुळांची केलेली हकालपट्टी यांमुळे हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ हे जुनाट जहाज सु. १८० प्रवाशांना घेऊन नोव्हा स्कोशातील पिक्टू येथे पोहोचले. वाटेत देवी व आमांशाने अनेक मुले दगावली. वाचलेले प्रवासी किनाऱ्यावर उतरले तेव्हा समोर घनदाट जंगल आणि तोंडावर हिवाळा होता.

अशा स्थलांतरितांमुळे नोव्हा स्कोशातील केप ब्रेटन बेटावर गेलिक भाषा व फिडलवादनाची परंपरा रुजली. त्याच प्रांतातील अँटिगनिश येथे १८६३ पासून हायलँड क्रीडा महोत्सव भरतो. ग्लासगोत जन्मलेले जॉन ए. मॅकडॉनल्ड १८६७ मध्ये कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले. स्कॉटिश अभियंते सँडफर्ड फ्लेमिंग यांनी रेल्वेमार्गांची आखणी केली व प्रमाणवेळेचा पुरस्कार केला. २०११ मध्ये ‘मेपल लीफ टार्टन’ या चौकड्यांच्या कापडनक्षीला कॅनडाच्या अधिकृत राष्ट्रीय प्रतीकाचा दर्जा मिळाला.

या वसाहती मूलनिवासींच्या भूमीवर उभ्या राहिल्या. मॅकडॉनल्ड यांच्या काळात विस्तारलेल्या निवासी शाळांनी मूलनिवासी मुलांना घर व मातृभाषेपासून तोडले. त्यामुळे कॅनडाच्या राष्ट्राभिमानात स्कॉटिश कर्तबगारीसोबत या अन्यायाची कबुलीही असणे न्याय्य ठरते.