घोटभर जग



करमणुकीच्या बागेत हिंडता हिंडता देशोदेशीचे खाऊ आणि पेये चाखणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या सोडून इतिहासाच्या वक्त्याने सरबताच्या पेल्याशी येऊन का बसावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असल्यास तो रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून प्रथम आपल्या घरचीच एक हकीकत सांगतो.

ज्या वसंत व्याख्यानमालेच्या धर्तीवर आज गावोगावी अशी व्याख्याने होतात, ती पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. याच रानड्यांवर पुढे एका चहाच्या पेल्यापायी प्रायश्चित्त घेण्याची पाळी आली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. मिशनच्या लोकांनी सर्वांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, त्या सर्वांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्याचा वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहा वाईट म्हणून हे झाले नाही. तो परक्या हातचा होता म्हणून झाले. तेव्हा परक्याच्या हातचा एक घोट म्हणजे किरकोळ बाब, असे निदान आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये.

आता हा प्रसंग मनात ठेवून अमेरिकेत चला. फ्लॉरिडा राज्यात डिस्ने कंपनीचे ‘एप्कॉट’ नावाचे थीम पार्क आहे. ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. त्याच्या एका भागात मोठे तळे असून तळ्याभोवती सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे. या वाटेवर अकरा देशांची दालने ओळीने उभी आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. आरंभी नऊच होती. मोरोक्को १९८४ मध्ये आणि नॉर्वे १९८८ मध्ये आले. प्रत्येक देशात त्याचा खाऊ मिळतो, त्याचे पेय मिळते. सकाळी मेक्सिकोत मक्याची पोळी खावी, दुपारी जर्मनीत भाजलेले सॉसेज, संध्याकाळी फ्रान्सची मिठाई. पारपत्र नको, आगबोट नको, आणि प्रायश्चित्त तर नकोच नको. दरवर्षी तेथे खाद्य-पेयांचा मोठा उत्सव भरतो. तेव्हा आणखी कितीतरी देशांची लहान लहान दुकाने मांडली जातात आणि लोक वाटीएवढ्या बशा हाती घेऊन जगप्रदक्षिणा करतात.

ही कल्पना डिस्नेच्या डोक्यातून एकाएकी निघालेली नाही. तिचे मूळ लंडनमध्ये आहे. १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेच्या राजवाड्यात पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. साठ लाखांवर लोकांनी ते पाहिले. प्रदर्शनात मद्याला मज्जाव होता. उपाहाराचा मक्ता श्वेप्स कंपनीने घेतला आणि सोडा, लेमोनेड वगैरेंच्या दहा लाखांवर बाटल्या खपवल्या. परंतु काचेच्या राजवाड्यात यंत्रे साऱ्या जगाची असली, तरी पोटाला मिळे ते इंग्रजीच. जगाचे जेवण वाढण्याचे धाडस प्रदर्शनाच्या बाहेर अलेक्सिस स्वायर या फ्रेंच आचाऱ्याने केले. लंडनच्या रिफॉर्म क्लबमधील नामांकित नोकरी सोडून त्याने हाइड पार्कसमोरचे गोअर हाउस भाड्याने घेतले, दालने नाना देशांच्या थाटात सजवली आणि सर्व राष्ट्रांच्या पक्वान्नांचे भोजनगृह थाटले. गर्दी झाली, वाहवा झाली. पण हिशेब मांडला तेव्हा सुमारे सात हजार पौंडांची खोट निघाली. त्या जागेवर आज रॉयल अल्बर्ट हॉल उभा आहे. एप्कॉटच्या तळ्याकाठच्या बाजाराचा मूळपुरुष म्हणून मी या फसलेल्या आचाऱ्याकडे बोट दाखवीन.

स्वायरला जे एकट्याने साधले नाही ते सोळा वर्षांनी पॅरिसने सरकारी बळावर साधले. १८६७ च्या प्रदर्शनासाठी शाँ द मार्स मैदानावर एक अंडाकृती इमारत बांधली होती. तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. आत एकात एक कडी होती आणि प्रत्येक कडीत एका जातीच्या वस्तू. सर्वांत बाहेरची कडी खाद्यपेयांची. तेथे वेगवेगळ्या देशांची उपाहारगृहे होती आणि त्या त्या देशाचा पोशाख केलेली माणसे वाढप करीत. बाहेरच्या कडीवरून एक फेरी मारली की जग चाखून झाले! एप्कॉटची तळ्याभोवतीची वाट पाहिली म्हणजे वाटते की पॅरिसची तीच कडी उचलून फ्लॉरिडात नेऊन ठेवली आहे. अन्न हे आता थकल्या पाहुण्याची सोय राहिले नाही, ते स्वतःच प्रदर्शनातली वस्तू झाले.

मात्र येथेच इतिहासकाराने एक प्रश्न विचारला पाहिजे. हा घोट पाहुण्याच्या हाती ठेवतो कोण, आणि त्याचे पैसे कोण भरतो? याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच देशाचे आहे.

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे प्रदर्शन भरले. जवळजवळ दोन कोटी लोक तेथे आले. तेथे हिंदुस्थानच्या चहाचे दालन होते आणि त्याचे प्रमुख होते रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ. अमेरिकन माणूस तोवर बहुतेक चीन-जपानचा हिरवा चहा पीत असे. आसामच्या काळ्या चहाची गोडी त्याला लावावयाची, हे ब्लेचिंडनसाहेबांचे काम. दंतकथा अशी की, त्या उन्हाळ्यात गरम चहाकडे कोणी ढुंकूनही पाहीना, म्हणून साहेबांनी तो बर्फावर ओतला आणि ‘आइस्ड टी’चा जन्म झाला. दंतकथा गोड आहे, पण खरी नाही. १८७९ साली छापलेल्या व्हर्जिनियाच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आहे. प्रदर्शनाने त्या चहाला जन्म दिला नाही, प्रसिद्धी दिली. आणि बहुतेक प्रदर्शनांचे काम हेच असते.

या चहामागे पैसा कोणाचा होता? मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ साली सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर पट्टी बसवली आणि तिचे उत्पन्न चहाच्या जाहिरातीकडे लावले. मळेवाले बहुतेक इंग्रज. चहा खुडणारे हात मात्र छोटा नागपूर आणि अन्य भागांतून आसामात नेलेल्या गोरगरीब स्त्री-पुरुषांचे होते. करार मोडून मळा सोडणे हा त्यांच्या बाबतीत फौजदारी गुन्हा ठरे. सेंट लुइसच्या पाहुण्याने हिंदुस्थानची चव घेतली हे खरे. पण त्या पेल्यात मळ्यातली बाई त्याला दिसली नाही. आणि गंमत अशी की, ज्या देशाचे पेय म्हणून तो चहा पीत होता, त्या देशातील बहुतेक घरांत तेव्हा चहा शिरलाही नव्हता.

तो शिरला त्याच युक्तीने. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी बाजार मंदावला, तेव्हा चहाच्या प्रचार मंडळाने आपला मोर्चा स्वदेशाकडे वळवला. प्रचारक चहाची भांडी घेऊन गावोगाव, बाजारोबाजार फिरले. त्यांनी लोकांपुढे चहा करून दाखवला आणि फुकट कप वाटले. रेल्वे स्थानकांवर चहाच्या पाट्या लागल्या. महात्मा गांधींसारख्यांनी चहाविरुद्ध बजावले, तरी चहा थांबला नाही. १८९० साली ज्या घोटाने पुण्यात ग्रामण्य माजवले, तोच घोट पन्नास वर्षांच्या आत पाहुण्याच्या आदराचे चिन्ह होऊ लागला. आज आपल्या दाराशी आलेल्याला चहा विचारला नाही तर तो अपमान समजतो. चहाला आपण आपले मानले, त्यात दूध, साखर, आले, गवती चहा घालून तो आपला करूनही टाकला. पण पहिला घोट आपल्या हाती ठेवणारा हात व्यापाऱ्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

आता पुन्हा एप्कॉटकडे येऊ. वॉल्ट डिस्नेचे वडील इलायस हे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या बांधकामावर सुतार होते. मुलाने १९६४-६५ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनासाठी चार खेळ उभारले. त्याच प्रदर्शनात मॉरिस व्हर्मर्श या बेल्जियन गृहस्थाने आपल्या गावचे वॉफल, स्ट्रॉबेरी आणि साय घालून, विकले. त्याचे मूळ नाव ब्रुसेल्सचे वॉफल. पण ब्रुसेल्स कोठे आहे हे अमेरिकन गिऱ्हाइकाला उमगेना, म्हणून त्याने नावात बेल्जियम घातले. शहराचा पदार्थ देशाचा झाला तो असा. पदार्थ पाहुण्याकडे जाताना नाव बदलतो, तिखट कमी करतो, साखर वाढवतो. डिस्ने १९६६ साली वारला. त्याला एप्कॉट हे माणसे राहतील असे खरेखुरे शहर करावयाचे होते. त्याच्यामागे कंपनीने त्याऐवजी कायमचे जागतिक प्रदर्शन उभारले.

या प्रदर्शनाला नुसता देखावा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. फ्रान्सच्या दालनातील भोजनगृह आरंभी पॉल बोक्यूज, रोजे व्हेर्जे आणि गास्ताँ लनोत्र या अव्वल फ्रेंच बल्लवांनी मांडून दिले होते. दालनांतून काम करणारी पुष्कळ तरुण मंडळी त्या त्या देशांतून वर्षभरासाठी येतात. १९९० च्या अमेरिकन कायद्याने अशा सांस्कृतिक कामासाठी परवान्याचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण केला. नॉर्वेच्या मुलीने नॉर्वेचा पाव हाती द्यावा आणि चार शब्द बोलावे, यात खोटे काही नाही. त्या पावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याला ‘शाळेचा पाव’ म्हणतात. त्याच्या कणकेत वेलदोडा असतो आणि वर खोबऱ्याचा कीस. वेलदोडा मूळचा आपल्या पश्चिम घाटातला! त्या अकरा दालनांत भारताचे दालन नाही. उत्सवात काही वर्षी भारताचे दुकान लागले, तेवढेच. पण नॉर्वेच्या पावात आणि ब्रिटनच्या चहात भारत न बोलावता येऊन बसला आहे.

याउलट चित्रही त्याच बागेत आहे. १९९८ साली तेथे कोका-कोला कंपनीने परदेशी पेये फुकट चाखण्याची जागा उघडली. २००५ पासून तिला ‘क्लब कूल’ म्हणू लागले. पुढे एका काळी तेथे आठ तोट्या होत्या आणि तोटीतोटीला एक देश: पेरू, ब्राझील, झिंबाब्वे, जपान, थायलंड, इटली असे. इटलीचे ‘बेव्हर्ली’ हे कडवट पेय तर लोक एकमेकांना मुद्दाम पाजत आणि वेडीवाकडी तोंडे पाहून हसत. ते पेय इटलीत २००९ सालीच बंद झाले, तरी फ्लॉरिडात ते इटलीची चव म्हणून मिळतच राहिले. तोट्या आठ, पण मालक एक. पेरूचे ‘इंका कोला’ १९३५ साली लिमा शहरात निघाले. कोका-कोलाला ते आपल्या देशात पुरून उरले, तेव्हा १९९९ साली कोका-कोलाने त्या कंपनीत वाटा घेतला. आपल्या मुंबईच्या ‘थम्स अप’ची कथा निराळी नाही: १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेल्यावर ते निघाले आणि १९९३ साली कोका-कोलानेच विकत घेतले. तेव्हा आठ देश चाखले असे समजून बाहेर पडणाऱ्या मुलाने वस्तुतः एका कंपनीचे कोठार चाखलेले असते.

मग अशा चाखण्याला अर्थ नाही काय? मी तसे म्हणणार नाही. परक्याचा पदार्थ तोंडात घालणे ही त्याच्याविषयीची भीती मोडण्याची पहिली पायरी आहे, आणि ही पायरी चढावयास आपल्या थोर पुरुषांना किती किंमत द्यावी लागली ते आपण आरंभीच पाहिले. पंचहौदच्या पेल्यात घोट लहान होता, पण पिणाऱ्याचे काहीतरी पणाला लागले होते. म्हणून तो लक्षात राहिला. बागेतल्या घोटात पिणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही, म्हणून तो जिभेवरून सरळ विसरला जातो. किंमत तर याही घोटाला असते. ती कोणी दुसऱ्याने भरलेली असते, एवढेच.

उपाय सोपा आहे. घोट जरूर घ्यावा आणि पेला खाली ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: हे पिकवले कोणी, येथवर आणले कोणी, आणि ज्याचे म्हणून मला देतात त्याच्या घरी हे खरोखर असते काय? आपली मुले-नातवंडे आता तिकडे राहतात, तेथली छायाचित्रे धाडतात. त्यांना हे प्रश्न कळवा. आणि दूर कशाला, व्याख्यान संपल्यावर बाहेर चहा मिळणारच आहे. पहिला घोट घेताना क्षणभर रानड्यांची आठवण करा, आणि दुसरा घेताना आसामच्या मळ्यातल्या त्या बाईची.