खुणांची लिपी आणि मद्रासचा रस्ता

लिपी शिकावी लागते. चित्र मात्र पाहताक्षणी कळते, असा सर्वसाधारण समज आहे. रस्त्यावरील खुणांचा सारा प्रपंच याच समजावर उभा राहिला. तो कितपत खरा ठरला, याची साक्ष चेन्नईच्या, म्हणजे पूर्वीच्या मद्रासच्या, रस्त्यांचा इतिहास देतो.

मद्रासमध्ये विजेची ट्राम १८९५ साली धावू लागली. ट्रामला फलकाची गरज नव्हती. रूळ हीच तिची खूण. ती कोठून येणार आणि कोठे वळणार, हे अक्षरओळख नसलेल्या हमालालाही दिसत असे. मोटारीने हा सोपा हिशेब मोडला. १९०३ साली याच शहरात सिम्पसन कंपनीने वाफेवर चालणारी मोटार बांधली. या नव्या वाहनाला रूळ नव्हते. रस्त्याच्या कोणत्याही भागावर त्याचा हक्क पोहोचत होता. आता धोका कोठे आहे, हे कोणीतरी सांगणे भाग होते.

ही अडचण एकट्या मद्रासची नव्हती. १९०९ साली पॅरिस येथे अनेक राष्ट्रांनी मिळून उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक यांसाठी चार चित्रे ठरविली. परमुलखातील प्रवाशालाही इशारा समजावा, हा त्यामागील हेतू. हिंदुस्थानात १९१४ च्या कायद्याने मोटारींची नोंदणी व चालकाचा परवाना आला, आणि १९३९ च्या कायद्याला खुणांचे परिशिष्ट जोडले गेले. पुढे १९५३ साली मद्रासची ट्राम बंद पडली. त्याच वर्षी एग्मोरच्या चौकात दक्षिण भारतातील पहिले वाहतूक-दिवे लागले. रूळ जे न बोलता सांगत होते, ते सांगण्याचे काम आता दिव्यांकडे व फलकांकडे आले.

रस्त्यांवरील खुणांविषयी १९६८ साली व्हिएन्ना येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारत १९८० मध्ये सामील झाला. आपल्याकडे त्रिकोण सावध करतो, निळे वर्तुळ आज्ञा देते आणि लाल कडेचे वर्तुळ बहुधा मनाई करते. म्हणजे चित्रांनाही व्याकरण आहे. चालत्या माणसाची आकृती त्रिकोणात असली, तर 'पुढे माणसे रस्ता ओलांडतात, जपून हाक' असे ती चालकाला बजावते. तीच आकृती लाल वर्तुळात तिरक्या रेघेखाली आली, की 'येथे चालू नकोस' असे ती पादचाऱ्याला सांगते. चित्र एकच, पण श्रोता बदलला आणि अर्थही बदलला. हे व्याकरण ज्याला कोणी शिकविले नाही, त्याने ते कसे ओळखावे?

चालकाला ते शिकावे लागते. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी शिकाऊ परवान्याच्या चाचणीत खुणांचे ज्ञान समाविष्ट केले आणि निदान ६० टक्के उत्तरे बरोबर येण्याची अट घातली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ११९ वे कलम आज्ञादर्शक खुणा पाळण्याचे कर्तव्य सांगते, तेही मोटारचालकालाच. पादचाऱ्याची परीक्षा कोणी घेत नाही. त्याला परवाना नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही. अपघातात मात्र पहिला घाव त्याच्याच अंगावर येतो.

तथापि समजणे वेगळे आणि पाळणे वेगळे. परीक्षेत पांढऱ्या पट्ट्यांचा अर्थ अचूक सांगणारा चालक त्याच पट्ट्यांपाशी वेग कमी करीलच, असे नाही. उलट, जेथे पदपथावर दुकाने पसरली आहेत आणि ओलांडण्याची जागा फार दूर आहे, तेथे खूण समजूनही पादचारी ती पाळू शकत नाही. त्याला बेशिस्त म्हणण्यापूर्वी रस्त्याने त्याला कोणती वाट ठेवली, हे पाहिले पाहिजे.

चेन्नई महानगरपालिकेने हा विचार उशिरा का होईना, पण केला. चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी तिने २०१४ साली स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि वाहतुकीच्या निधीपैकी किमान ६० टक्के रक्कम त्यांच्या सोयींवर खर्च करण्याचे ठरविले. त्यागराय नगरातील पाँडी बाजारचे पदपथ रुंद होऊन २०१९ साली लोकांसाठी खुले झाले. माणसाने कोठून चालावे, हे तेथे रुंद पदपथच सांगतो. जुन्या ट्रामच्या रुळांचा गुण हाच होता. फलकाची आवश्यकता राहीलच. परंतु रस्त्याची रचना आणि फलकाची आज्ञा यांचा मेळ बसला, तरच ती आज्ञा पाळणे पायी चालणाऱ्याला शक्य होते.