तळटीप : डेक्कन जिमखाना आणि १९२० ची मॅरेथॉन

१ कर्वेनगरहून पुणे शहराकडे येणारा कर्वे रस्ता ज्या परिसराला मिळतो, तेथील डेक्कन जिमखाना (स्थापना १९०६) या संस्थेच्या १९१९ च्या क्रीडास्पर्धेत शेतकरी घरांतील धावपटू अनवाणी धावले आणि त्यांचा वेग युरोपीय धावपटूंच्या जवळ जाणारा असल्याचे पाहून संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला (१९२०) पाठवण्यासाठी पुढाकार घेतला. धावणे, उडी आणि फेक या मैदानी प्रकारांचा देशातील इतिहास सांगताना या घटनेला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी अँटवर्प येथील मॅरेथॉन, म्हणजे दीर्घ पल्ल्याची रस्त्यावरील शर्यत, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. त्या वर्षी हे अंतर सुमारे ४२.७५ किलोमीटर होते, कारण ४२.१९५ किलोमीटरचे प्रमाण १९२१ मध्ये ठरले. स्त्रियांबाबत सांगायचे, तर पुण्याजवळ हिंगणे येथे, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, महर्षी कर्वे यांनी स्त्रीशिक्षण रुजवले होते, तरी ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९२८ साली, ॲमस्टरडॅम येथे.