दिसत नाही ती मोड

गुडघ्याची वाटी फुटली की मांडीचा बळकट स्नायू वरचा तुकडा वर ओढून घेतो. पूर्वी मधली फट हाडाने न भरता नुसत्या चिवट तंतूंनी भरे आणि अधू पाय जन्माचा सोबती होई. सांधा उघडून तुकडे जुळवावेत, तर पू होऊन पाय किंवा प्राणच जाण्याची धास्ती. ऑक्टोबर १८७७मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात जोसेफ लिस्टरने कार्बोलिकच्या भरवशावर ते धाडस केले. चांदीच्या तारेने बांधलेली वाटी सांधली.

१८९५मध्ये क्ष-किरण आले आणि मोडलेले हाड दिसू लागले. मुलांच्या गुडघ्यात मात्र ही नजर फसते. जन्मतः वाटी सगळी कूर्चेची असते. साधारण ३ ते ६ वर्षांच्या वयात तिच्यात हाड तयार होऊ लागते. ८ ते १२ वर्षांच्या मुलाला उडी मारताना झटका बसला, तर कूर्चेचे वेष्टण हाडाची जेमतेम कपची घेऊन सुटते. फोटोत दिसते ती कपचीच. हॉटन आणि अ‍ॅक्रॉइड यांनी १९७९मध्ये तीन मुलांच्या नोंदींवरून या दुखापतीला 'बाही'ची उपमा दिली.

मुलांचे हाड लवकर सांधते, हे खरे. पण इथे तोच गुण उलटतो. सुटलेली बाही तशीच राहिली, तर तिच्यातही हाड बनते, वाटी लांबट होते आणि पाय पुरता सरळ होत नाही. शस्त्रक्रियेने ती वेळीच जागी बसवली, तर तेच नवे हाड वाटी सांधते. म्हणून फोटोत फारसे काही नसले तरी मुलाला पाय सरळ ठेवून उचलायला सांगावे लागते.