१६ डिसेंबर : माणसांची भिंत

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर.

रूढ अर्थाने हे असंगत नाटक नव्हे. तरी असंगत नाटककार आयनेस्कोच्या १९५९ मधील ‘ऱ्हायनोसेरॉस’ या नाटकाशी त्याचे नाते जुळते. तिथे एकेक माणूस गेंडा होतो; इथे पुणेकर ब्राह्मणांची रांग गात-नाचत एकजिनसी भिंत बनते. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस कोतवाल घाशीरामला पोसतात, रांग निमूट झुलते. तो डोईजड झाल्यावर नाना त्याला जमावाच्या हवाली करतात आणि उत्सव जाहीर करतात.

इतिहासाच्या विपर्यासाचा आरोप झाला. १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेने नाटक थांबवले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या थिएटर अकादमीने ते पुन्हा रंगभूमीवर आणले.